पहिली वेलांटी

सोमवारी मधल्या सुट्टीनंतर नववी ‘ब’च्या वर्गात शिरलो तेव्हा फळ्यावर तिसऱ्या बाकावरच्या मुलाचे नाव लिहिलेले होते आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘समलींगी’. माझा हात डस्टरकडे जायला हवा होता, तो खडूकडे गेला. मी ‘ली’ची दुसरी वेलांटी बोटाने पुसली, तिथे पहिली काढली आणि मग सगळा शब्द पुसून टाकला. वर्ग खो खो हसला. तो मुलगाही हसला, इतरांपेक्षा अंमळ मोठ्यानेच. मी ‘शांत बसा’ म्हणालो आणि अलंकार शिकवायला घेतले.

आज गुरुवार उजाडून मावळला, तरी ती वेलांटी माझा पिच्छा सोडत नाही. हाताची सवय म्हणून सोडून देता येईल, कारण दुकानांच्या पाट्या आणि लग्नपत्रिकासुद्धा मी मनातल्या मनात दुरुस्त केल्याशिवाय वाचू शकत नाही. पण ती सवय नव्हती. काही बोलायचे नाही हे ठरवायला मला चार क्षण हवे होते आणि ते मी खडूच्या आड काढले, एवढेच. शिवाय त्या मुलाचे हसणे माझ्या ओळखीचे आहे. आपल्यावरच्या विनोदाला आपणच सर्वांत आधी हसायचे, म्हणजे लोकांना आपल्या चेहऱ्याकडे बघायची गरज उरत नाही, हे मी सातवीत असताना शिकलो. तेव्हाचा शब्द ‘बायल्या’ होता आणि तो पोरे कधी अशुद्ध लिहीत नसत.

चित्रकलेच्या बाई असत्या तर त्यांनी सगळ्या वर्गाला तासभर उभे केले असते आणि बाईंना एवढे का लागले, असे कोणाच्या मनातही आले नसते. मी रागावलो तर तो प्रश्न त्याच संध्याकाळी पंधरा घरांत विचारला जाईल आणि त्याचे खरे उत्तर मी आईलाही अजून दिलेले नाही. आईचे काय, ते पुन्हा कधीतरी.

नोकरीला दोन-तीन वर्षे झाली असतील तेव्हा अलीगढची बातमी वाचली होती. प्रा. रामचंद्र सिरस तिथल्या विद्यापीठात मराठीच शिकवत. ते नागपूरकडचे, कवी, आणि निवृत्तीला काही महिनेच उरलेले. फेब्रुवारी २०१० मध्ये कॅमेरा घेऊन माणसे त्यांच्या घरात घुसली, आणि विद्यापीठाने निलंबित केले ते सरांना. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालानंतर दोन सज्ञान पुरुषांचे बंद दाराआडचे संबंध हा गुन्हाही राहिलेला नव्हता. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली आणि ७ एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. कोर्ट जिंकल्यावर सहा दिवस. तेव्हापासून मी स्टाफरूममध्ये दाराकडे तोंड करून बसतो. याने काय साधते, ते मला विचारू नये.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, २०१३ मध्ये स्वतःच परत आणलेल्या, असे संबंध गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून आम्हाला सोडवले, तेव्हा आदल्या दिवशीच्या शिक्षक दिनाचे गुलाब माझ्या टेबलावर अजून टवटवीत होते. एका सहकाऱ्यांनी मोबाइलवर बातमी वाचली, ‘आता काय काय बघावे लागणार आहे’ असे म्हटले आणि साबुदाण्याच्या खिचडीचा डबा माझ्यापुढे सरकवला. मी दोन चमचे घेतले आणि दाण्याचे कूट छान पडले आहे, असे म्हणालो. पाच न्यायमूर्तींनी एकमताने दिलेल्या निकालावर माझे आजवरचे जाहीर भाष्य तेवढेच आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ साली लैंगिक कलावरून होणाऱ्या छळाचा उल्लेख आला, म्हणजे बारावी उलटेपर्यंत मुलाने तग धरायचा. आमच्या शाळेच्या नियमावलीत केस, नखे, पट्टा आणि बूट यांवर मात्र दीड पान आहे.

सोमवारी रात्री हे सगळे माझ्या जिवलगाला फोनवर सांगितले. मला वाटले होते, तो समजूत घालील. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. ‘माझ्या पहिल्या पत्रातही तू पेन्सिलीने रेघा मारल्या होत्यास,’ म्हणाला. मारल्या होत्या, खरे आहे. ‘तुझी भिती वाटते’ असे त्याने लिहिले होते, आणि मी आधी ती भीती दीर्घ केली, मग रडलो. बहुधा माझी घडणच तशी आहे. धीर येण्याआधी शुद्धलेखन येते.

मंगळवारी प्रायश्चित्त म्हणा की पळवाट, मी नववी ‘ब’ला अनुस्वार असलेल्या ऱ्हस्व इकाराचे पाच शब्द लिहून आणायला सांगितले. आज रात्री वह्या तपासल्या. अकरा वह्यांत तो शब्द आहे आणि अकराही ठिकाणी शुद्ध आहे. या टोळक्याला माझ्याकडून काहीच मिळाले नाही, असे आता कोणाला म्हणता येणार नाही.

तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलाच्या वहीत चिंच, लिंबू, डाळिंब, कलिंगड आणि भेंडी. भेंडीत ऱ्हस्व इकार नाही. मी तिला गोल केला आणि खाली लाल शाईने ‘मधल्या सुट्टीत भेटावे’ असे लिहिले. मग मधल्या सुट्टीत सगळे बघतील म्हणून ते खोडून ‘शाळा सुटल्यावर भेटावे’ असे लिहिले. मग शाळा सुटल्यावर मी, तो आणि रिकामा वर्ग, असे चित्र डोळ्यांपुढे आले, अलीगढ आठवले, आणि तेही खोडले. ‘ग्रंथालयात’ हेही लिहून खोडले. शेवटी नुसते ‘भेटावे’ ठेवले आणि सही केली.

आता उद्या तो ती खाडाखोड पुढे धरून विचारणार, की सर, इथे आधी काय लिहिले होते.