सिराकूझाचं देऊळ

सिसिलीतल्या सिराकूझाचा जुना भाग म्हणजे ओर्तीजिया हे छोटं बेट. कोरिंथहून आलेल्या ग्रीकांनी इ.स.पू. ७३४च्या सुमारास इथे पहिली वस्ती केली. तिथल्या कॅथेड्रलची दर्शनी बाजू १६९३च्या भूकंपानंतरची, अठराव्या शतकातली. ती सुंदर आहेच, पण मी आधी बाजूच्या व्हिया मिनेर्व्हा या रस्त्यावर वळलो आणि तिथेच खिळून राहिलो. चर्चच्या भिंतीत डोरिक, म्हणजे साध्या ग्रीक शैलीतले, खांब अर्धेअधिक चिणलेले! जाडजूड, पन्हळी झिजलेल्या, काही तर कललेले.

हे मूळचं अथीना या ग्रीक देवीचं देऊळ. इ.स.पू. ४८०मध्ये हिमेराच्या लढाईत सिराकूझाच्या गेलोन राजाने उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा पराभव केला, त्यानंतर हे उभं राहिलं. याच्या दारांवर हस्तिदंताचं आणि सोन्याचं काम होतं. रोमन सुभेदार व्हेरेसने ते ओरबाडून नेलं, भिंतींवरची चित्रंही सोडली नाहीत. रोमन वकील सिसेरोने इ.स.पू. ७०मध्ये त्याच्यावर खटला चालवला, म्हणून ही लूट आज आपल्याला तपशिलाने ठाऊक आहे.

सातव्या शतकात देवळाचं चर्च झालं, आणि ते कसं झालं हे आत गेल्यावर डोळ्यांनी दिसतं. बाहेरच्या खांबांमधल्या मोकळ्या जागा दगडांनी बुजवल्या, त्या झाल्या बाहेरच्या भिंती. गाभाऱ्याच्या दोन्ही लांब भिंतींत आठ-आठ कमानी कोरून काढल्या. म्हणजे मी उभा होतो ती मधली जागा मूळचा गाभारा, आणि लोक ज्या बाजूच्या पट्ट्यांतून फिरत होते तो देवळाचा प्रदक्षिणामार्ग! हे लक्षात आलं तेव्हा अंगावर काटा आला. फारशी पाडापाडी न करता, नुसत्या मोकळ्या जागा बुजवून आणि भिंती कोरून एवढा बदल करणारे ते गवंडी मला कोणत्याही राजापेक्षा मोठे वाटतात.

८७८मध्ये कित्येक महिन्यांच्या वेढ्यानंतर शहर अरबांच्या हाती पडलं आणि इथे मशीद झाली. अकराव्या शतकाच्या अखेरीस उत्तर फ्रान्समधले ख्रिस्ती नॉर्मन आले, पुन्हा चर्च.

उजव्या हाताला बाप्तिस्म्याचं पात्र आहे. ग्रीक काळातलं संगमरवरी भांडं, आणि त्याला खालून तोलून धरणारे तेराव्या शतकातले ब्राँझचे सात इवलेसे सिंह. तिथून निघताना मी एका खांबाच्या पन्हळीवरून हात फिरवला. दगड गार होता, आणि माझ्या आधीच्या हातांनी तेवढा भाग गुळगुळीत केलेला होता.