तुम्ही विचारलंत म्हणून: उपयोजित गणितात एम.एस्सी. झाल्यावर नोकरी कुठली?

हा प्रश्न मला विचारणाऱ्याने बहुधा जाहिरातींत ‘गणितज्ञ’ हा शब्द शोधून, तो न सापडल्यामुळे धीर सोडलेला असतो. तो शब्द तेथे सापडत नाही. मीही पदवी मिळाल्यावर आठ महिने तोच शोधत होते आणि अखेर रुजू झाले ती ‘नियोजन विश्लेषक’ म्हणून. काम मात्र कोणत्या गाडीने कोणता माल कोठे न्यावा हे ठरवण्याचे, म्हणजे अमेरिकन गणितज्ञ जॉर्ज डॅन्टझिग यांच्या १९४७ च्या सिम्प्लेक्स पद्धतीच्या (दिलेल्या मर्यादा पाळून सर्वांत फायदेशीर पर्याय शोधण्याच्या रीतीच्या) कुळातले होते.

त्याआधीच्या एका मुलाखतीत मी फळ्यावर इष्टतम (सर्वांत चांगले) उत्तर अस्तित्वात असल्याची सिद्धता लिहिली होती. समोरच्या बाईंनी ती शांतपणे वाचली आणि विचारले, की पहाटे सहाला एक गाडी बंद पडली, तर नवे उत्तर सव्वासहापर्यंत हाती येईल का? मी गप्प बसले. ती नोकरी अर्थातच मिळाली नाही.

पद्धती तर तयार सॉफ्टवेअरमध्येही असतात. आपल्याला पगार मिळतो तो उत्तर किती आणि कोठे चुकू शकते हे सांगता येते म्हणून, असे माझे मत तेव्हापासून बनत गेले. फेब्रुवारी १९९१ मध्ये, आखाती युद्धात, सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकेच्या पॅट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेला येणारे इराकी स्कड क्षेपणास्त्र अडवता आले नाही आणि २८ सैनिक मृत्युमुखी पडले. यंत्रणेचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागांत वेळ मोजत असे, आणि हा दहावा भाग संगणकाच्या द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) नेमका लिहिता येत नाही. तो २४ बिटांत (म्हणजे ० किंवा १ अशा २४ अंकांत) छाटल्यामुळे राहिलेली नगण्य चूक, यंत्रणा सुमारे शंभर तास अखंड चालू राहिल्याने, ०.३४ सेकंदांपर्यंत साचली होती, आणि तेवढ्या वेळात स्कड अर्धा किलोमीटरहून अधिक अंतर कापते. संख्यात्मक विश्लेषणाचा जो पेपर आपण कंटाळत सोडवतो, त्यातला हा पहिल्या आठवड्यातला धडा आहे.

हवामानाचे अंदाज, बँकांतील जोखीम मोजणी, सीटी स्कॅनची प्रतिमा उभी करणे (ज्याचे गणित योहान राडोन यांनी १९१७ मध्येच मांडून ठेवले होते), विमानातील कर्मचाऱ्यांच्या पाळ्या, या सर्व ठिकाणी आपली माणसे वेगवेगळ्या हुद्द्यांखाली बसलेली आहेत. विम्यात ॲक्च्युअरी (जोखीम आणि हप्ते यांचा हिशेब मांडणारा तज्ज्ञ) व्हायचे असल्यास मात्र त्या व्यवसायाच्या स्वतंत्र परीक्षा द्याव्या लागतात. केवळ पदवी पुरत नाही. एक तरी प्रोग्रॅमिंग भाषा सफाईने यावी, हे वेगळे सांगायला नको.

पीएच.डी. करावी का, हा प्रश्न याला जोडूनच येतो. नोकरी मिळत नाही म्हणून करू नये; एखादा प्रश्न दोन वर्षे डोक्यातून जातच नसेल, तर खुशाल करावी. मला तसा प्रश्न भेटला नाही आणि गाड्यांचे वेळापत्रक मात्र अजूनही रोज बिघडते.