टायटॅनियमची प्लेट उलटून पाहिल्यावर

टायटॅनियमच्या जाड प्लेटवर गोळ्या झाडणारे व्हिडिओ मी गेले काही महिने चवीने पाहतो आहे आणि दर वेळी एकाच ठिकाणी माझा हिरमोड होतो. पिस्तुलाची गोळी प्लेटवर आपटून चपटी होते आणि धातू परीक्षेत उतरला असे जाहीर केले जाते. नऊ मिलिमीटर पिस्तुलाच्या आठ ग्रॅमच्या गोळीचा गाभा मऊ शिशाचा असतो आणि तिची ऊर्जा साधारण ५०० ज्यूल असते, ७.६२ × ५१ मिलिमीटर रायफलची ९.६ ग्रॅमची गोळी मात्र सेकंदाला सुमारे ८४० मीटर वेगाने येते, म्हणजे तिची ऊर्जा जवळजवळ ३,४०० ज्यूल भरते. पहिली अडली म्हणून दुसरी अडेल, असे मानायला काहीच आधार नाही.

प्रयोगशाळेत काडतुसातील दारूचे प्रमाण किंचित कमी-जास्त करीत गोळीचा वेग बदलतात, प्रत्येक गोळीचा वेग वाटेतच मोजतात आणि ज्या वेगाला ती आरपार जाण्याची शक्यता निम्मी असते, तो वेग शोधून काढतात. त्याला ‘व्ही-५०’ म्हणतात. आता आरपार कशाला म्हणायचे? अमेरिकी लष्कराच्या चाचणीपद्धतीत प्लेटच्या मागे सहा इंचांवर अर्धा मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा साक्षीदार म्हणून उभा करतात. त्या पत्र्यातून उजेड दिसला की प्लेट भेदली गेली, मग ते भोक गोळीने पाडलेले असो वा प्लेटच्याच पाठीवरून उडालेल्या कपचीने. ही साधी युक्ती मला फार आवडते, कारण कवचामागच्या माणसाला कपचीही गोळीइतकीच लागते.

टायटॅनियमची खरी गोम या पाठीकडच्या बाजूलाच आहे. कवचासाठी सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम असलेला त्याचा मिश्रधातू सर्रास वापरतात. तो मजबूत असला तरी साध्या पोलादाच्या तुलनेत उष्णता फारच सावकाश वाहून नेतो. आघाताच्या क्षणी गोळीभोवतीच्या अरुंद पट्ट्यात निर्माण झालेली उष्णता तिथेच कोंडते, तेवढाच भाग मऊ पडतो आणि गोळीच्या रुंदीची चकती पंचिंग मशीनने कापावी तशी सुटून मागे निघते. म्हणजे नुसत्या मजबुतीच्या आकड्यावरून अंदाज बांधणारा इथे फसतो.

तरीही या धातूला कमी लेखण्याचे कारण नाही, मात्र तुलना सारख्या वजनाची हवी. सहा मिलिमीटर पोलादाचे वजन चौरस मीटरला सुमारे ४७ किलो होते. तेवढ्याच वजनात टायटॅनियम साडेदहा मिलिमीटर जाड मिळते. ए-१० या अमेरिकी लढाऊ विमानात वैमानिकाभोवती टायटॅनियमचे सुमारे ५४० किलोंचे कवच आहे, ते याच हिशेबाने. व्हिडिओंत बहुधा दोन्ही प्लेटा सारख्या जाडीच्या घेतात, पोलाद जिंकते आणि वजनकाटा कोणी दाखवत नाही.

परवा मात्र एकाने गोळी अडल्यावर प्लेट उलटून दाखवली. पुढे तांब्याच्या आवरणाची चकाकी आणि शिशाचा करडा डाग असलेला उथळ खळगा होता. मागे गोल चीर पडून नाण्याएवढी चकती अर्धवट बाहेर आली होती. त्याने तिला ‘जरासा फुगवटा’ म्हटले. माझ्या मते तो वेग व्ही-५०च्या अगदी उंबरठ्यावर होता आणि त्याच जागेजवळ दुसरी गोळी बसती, तर ती चकती प्लेटमध्ये राहिली नसती.