आकडा वाढत जातो तेव्हा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. माझ्या चित्रपट रसास्वादाच्या वर्गातही दरवर्षी कुणीतरी हेच विचारतं, "सर, समीक्षकांनी एवढा झोडपलेला सिनेमा तुम्ही का दाखवता?"

सिनेमा 'अनट्रेसेबल'. जानेवारी 2008 मध्ये अमेरिकेत आला. दिग्दर्शक ग्रेगरी हॉब्लिट. पोर्टलंड शहरातला एक तरुण माणसांना डांबून ठेवतो आणि त्यांचा जीव घेणारी यंत्रणा इंटरनेटवरच्या आकड्याला जोडतो. जितके लोक साइट उघडतील, तितकं मरण लवकर. पहिला बळी मांजराचं पिल्लू, मग माणसं. अभिनेत्री डायन लेन यात एफबीआयची सायबर अधिकारी आहे. ती साइट बंद पाडू बघते, साइट पुन्हा उघडते. पत्रकार परिषदेत लोकांना साइटवर जाऊ नका असं सांगितलं जातं, आणि आकडा आणखी चढतो. हे लेखकांनी अगदी नेमकं टिपलंय.

समीक्षकांचा आक्षेप सरळ होता: बघणाऱ्यांना दोष द्यायचा आणि तेच सगळं तपशिलात दाखवून तिकिटंही खपवायची, हा दुटप्पीपणा आहे. 'टॉर्चर पॉर्न', म्हणजे माणसांचा छळ चवीने दाखवणारे सिनेमे, हा शब्द 2006 मध्ये समीक्षक डेव्हिड एडलस्टीन यांनी वापरल्यापासून रुळला होता. 'सॉ' आणि 'हॉस्टेल' या भयपटांनंतर अशा सिनेमांचा समीक्षकांना वीटच आला होता, त्यात हा सापडला. अनुकूल परीक्षणं पाचात एक भरायचीही मारामार. नामवंत अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी मात्र चारपैकी तीन तारे दिले. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी ईबर्ट यांच्या बाजूचा होतो. आता बराचसा इतरांच्या बाजूला सरकलोय.

कारण सांगतो. उष्ण दिव्यांखाली माणूस भाजत असतो तेव्हा कॅमेरा त्याच्या कातडीजवळ जातो. ते चित्र साइटवरच्या प्रेक्षकांसाठी नाही, आपल्यासाठी घेतलंय. साइटवर दिसतो तो एक स्थिर, लांबचा कोन. तेवढ्यावर थांबले असते तरी अंगावर काटा आला असता. शिवाय पुढे कळतं की खुनी सूड घेतोय. त्याच्या वडिलांच्या आत्महत्येचं दृश्य टीव्हीवर दाखवलं गेलं, म्हणून तो त्या लोकांमागे लागलाय. इथे मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते. तोवर प्रश्न लाखो बोटांचा होता, आता तो एका दुखावलेल्या मुलाचा झाला. गर्दी दोषातून सुटली.

तरीही मी तो दाखवतो, एका प्रसंगासाठी. त्या एफबीआय अधिकारी बाईचा सहकारी, कॉलिन हँक्सने केलेला ग्रिफिन, आम्लाच्या टाकीत अडकलाय. तोंड बंद. साइटवर माणसं येत राहतात, आम्ल तीव्र होत जातं. तो कॅमेऱ्याकडे बघत पापण्या मिटतो, उघडतो, मिटतो. मोर्स कोडमध्ये, म्हणजे लांब-आखूड खुणांच्या लिपीत, तो आपल्या माणसांना धागा देतोय. लाखो लोक त्याला मरताना बघताहेत आणि त्यातल्या दोनचार जणांनाच तो काय म्हणतोय ते वाचता यावं, अशी ती धडपड.

मागच्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर घाटातल्या अपघाताचा व्हिडिओ आला. मी तो उघडला. खाली पडलेला माणूस हात हलवत होता, आणि काढणाऱ्याचा मोबाइल जराही हलला नव्हता. मी तो शेवटपर्यंत बघितला. तो हात कुणाला बोलावत होता हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं. म्हणून वर्गात हा प्रसंग आला की मी मुलांना आम्लाकडे, आकड्याकडे बघू नका म्हणतो. त्याच्या पापण्या मोजा.