धावा वेळापूरला असतो

आषाढी वारीसाठी जानेवारीपासून तयारी चालली होती. रोज पहाटे पर्वतीच्या पायऱ्या, रविवारी सिंहगड, नवे महागडे बूट आणि पावलं मोजणारं घड्याळ. दिंडीत भिशी, म्हणजे जेवणखाण्याची वर्गणी, भरली तेव्हा वाटलं, झालं, आता फक्त चालायचं.

पुण्यातून सासवडचा टप्पा मोठा, तीसेक किलोमीटरचा. दिवे घाटाच्या पायथ्याशी दिंडी तुंबली. टाळकरी दोन पावलं टाकायचे, थांबायचे, अभंग घोळवायचे, पुन्हा दोन पावलं. मला चालायचा सराव होता, थांबायचा नव्हता. शेवटी ओळ सोडली आणि कडेकडेनं घाट सुसाट चढून गेलो. वर पोचून फोटो काढले. मग दीड तास भुरभुर पावसात, ओल्या मोज्यांत, आपल्याच दिंडीची वाट बघत उभा राहिलो. सासवडला बूट काढले तेव्हा डाव्या टाचेला लिंबाएवढा फोड होता आणि करंगळीखाली दुसरा.

सासवडला दोन मुक्काम. विश्रांती म्हणावी तर राहुटीत सोळा माणसं, त्यातला एक रात्रभर घोरायचा आणि तीनला उठून टँकरवर नंबर लावायला सगळ्यांना उठवायचा. त्याचा मनापासून राग आला होता. संध्याकाळी हरिपाठात तोच डोळे मिटून असा काही लागला की माझा राग कुठे गेला कळलं नाही. रात्री घोरायला लागला, तेव्हा परत आला.

जेजुरीत भंडारा उधळला. थोडा फोडातही गेला.

वाल्ह्याच्या वाटेवर दुपारी टाच फुटायच्या बेतात आली. बाभळीखाली बसलो. दिंड्यांमागून दिंड्या जात होत्या, ‘माउली, चला’ म्हणत होत्या, आणि मला त्या आपुलकीचाही वैताग येत होता. आमच्या दिंडीतली परभणीकडची आजी डोक्यावरचं तुळशीवृंदावन दुसरीकडे देऊन माझ्यापाशी आली. तोवर तिच्याशी चार शब्दही बोललो नव्हतो.

‘दाव पाय.’

नको म्हणालो. परक्या बाईच्या मांडीवर पाय कसा ठेवायचा! तिनं सरळ ओढूनच घेतला. कनवटीची पिशवी सोडली. त्यात सुई, पांढरा दोरा, खोबरेल तेलाची बारकी बाटली. काडी पेटवून सुईचं टोक तापवलं, दोरा तेलात बुडवला आणि फोडाच्या एका कडेनं घालून दुसरीकडून काढला. पाणी दोऱ्यावाटे निथळू लागलं. दोरा तिनं आतच ठेवून दोन्ही टोकं तोडली. ‘कातडं सोलू नको. वाळंल आपोआप.’

‘घाटात कामून पळालास?’ तिनं विचारलं. म्हणजे हिनं पाहिलं होतं.

‘दम होता म्हणून.’

‘दम हाय म्हनून घाटात सांडायचा व्हय? धावा वेळापूरला असतो, बाबा.’

तेवढ्यात तिचा फोन वाजला. गावाकडून मुलगा. एक सर पडून गेली होती, शेजाऱ्यानं सोयाबीन पेरलं होतं, आपणही उद्या चाड्यावर मूठ धरू का, असं विचारत होता. तिचा हात माझ्या टाचेवरच होता. ‘वीतभर वल गेली का बघ आधी. दुसरा पाऊस होऊ दे. बियानं फुकट न्हाई आलं. तवर वखराची पाळी घाल.’ मुलगा काहीतरी कुरकुरला असावा. ‘त्येला पेरू दे. दुबार पेरणी बी त्योच करंल.’ फोन ठेवला आणि मला म्हणाली, ‘बूट ट्रकात टाक. चप्पल घे.’

बूट ट्रकात टाकले. वाल्ह्यापर्यंत तिच्या चालीनं चाललो. चढ लागला की ती पाऊल आखूड करायची, उतारावर टाच आधी टेकवायची आणि विसाव्याला दिंडी थांबली की लगेच पाय पसरून बसायची, उभी म्हणून राहायची नाही. हे मला पर्वतीवर कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं म्हणा.

नीरा, लोणंद. चांदोबाच्या लिंबाला रिंगणात डोक्यांच्या फटीतून अश्व दिसला न दिसला. फलटणनंतरचे दिवस एकमेकांत मिसळून गेलेत. बरडला पिठलं खारट होतं, एवढं आठवतं.

वेळापूरच्या अलीकडे उतारावर दिंडी थांबली. तुकोबांना इथून विठ्ठलमंदिराचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, असं सांगतात; तोच हा धावा. आजीनं पदर खोचला, चपला हातात घेतल्या. खूण झाली आणि ती सुटली. साठीच्या पुढची बाई, दोन आठवडे एकही पाऊल जास्त न टाकलेली. मी मागे पडलो. डोळ्यांत पाणी होतं की घाम, बघायला वेळ नव्हता.

खाली पोचलो तेव्हा ती कमरेवर हात ठेवून धापा टाकत हसत होती.

‘घड्याळात किती झालं रं?’

घड्याळ लोणंदलाच बंद पडलं होतं. तिला मनानंच एक आकडा सांगितला.

‘लई झालं,’ ती म्हणाली आणि पाण्याची बाटली मागितली.