नवरस मालिका: शांत रसाच्या कपाळावरची आठी

नऊ रसांचे नऊ चेहरे कागदावर रेखाटायची ही मालिका. पंधरा कागद फुकट गेले. आठ रस तीन महिन्यांत उरकले आणि हा नववा पाच आठवडे अडून बसलाय. मागच्या वेळी मी तोऱ्यात लिहिलं होतं, रौद्र झाला म्हणजे अवघड संपलं, शांत काय, दोन बैठकांत होईल. ते शब्द गिळतो. नाट्यशास्त्रात भरतानं आठच रस सांगितले, शांत मागाहून आला. भरतमुनी शहाणे होते.

संदर्भ तोच, ओसरीवर वाती वळणाऱ्या आत्याचा फोटो. ब्लॉक-इन (सुरुवातीची ढोबळ आखणी) बरोबर, मापं बरोबर, गालावरचा हाफटोन (उजेड-सावलीमधली छटा) तर पहिल्यांदाच मनासारखा उतरलाय. (नाकाखालची सावली या वेळी चिघळली नाही, याची नोंद घ्यावी.) तरी दर वेळी दोन भुवयांच्या मधोमध एक बारीक आठी येऊन बसते. फोटोत ती नाही. कागदावरच्या आत्याला कुणीतरी वाढीव वीजबिल दाखवलेलं दिसतं.

आधी खापर कागदावर फोडलं. ऑनलाइन मागवलेला कार्ट्रिज (चित्रकलेचा जाड कागद) एका विक्रेत्यानं सुरळी करून पाठवला होता, शिवाय इतका गुळगुळीत की चारकोल धरतच नाही. मग दुकानात जाऊन, बोट फिरवून घेतला. हात लावल्याशिवाय कागद घेऊ नये, हे माझं ठाम मत झालंय. चारकोल सोडून कॅमलिनच्या ६बी पेन्सिलवर आलो. आठी जागच्या जागी.

उलगडा चुकून झाला. टाइमलॅप्ससाठी मोबाइल स्टँडला लावला आणि पुढचा कॅमेरा चालू राहिला. कागदाऐवजी पन्नास मिनिटं माझंच थोबाड. मुलगी बघून हसत सुटली. "बाबा, तू आत्याआजीवर चिडलायस का?" भुवया एकमेकींना टेकायच्या बेतात, जिभेचं टोक उजव्या कोपऱ्यातून बाहेर. ती आठी माझी होती!

मग मागचं एकेक आठवायला लागलं. रौद्र काढताना जबडा ठणकायचा, तो दोष मी खुर्चीच्या उंचीला दिला होता. बीभत्सच्या वेळी बायकोनं दारातून विचारलेलं, "कसला वास येतोय?"

डार्विननं १८७२च्या भावमुद्रांवरच्या पुस्तकात हे टिपून ठेवलंय: कात्रीनं कापताना माणसं पात्यांबरोबर जबडा हलवतात, लिहायला शिकणारी पोरं बोटांबरोबर जीभ वळवतात. त्याहून मजेचा प्रयोग स्वीडनमधला. २००० साली उल्फ डिम्बर्ग आणि सहकाऱ्यांनी लोकांना हसरे-रागीट चेहरे फक्त ३० मिलिसेकंद दाखवले आणि लगेच त्यावर भावहीन चेहरा आणला. आधी काय दिसलं ते लोकांना उमगलंही नाही, पण गालाचा आणि भुवईचा स्नायू त्या त्या भावाप्रमाणे हलला, इलेक्ट्रोडनी ते पकडलं. आपण तर एकच चेहरा तासन् तास न्याहाळतो, त्याची नकळत नक्कल होणारच.

मग शांत चेहरा न्याहाळून मी शांत का झालो नाही? खरी मेख इथं आहे. भुवया जवळ ओढणारा स्नायू रागाचा तसाच अडचणीचाही. विचारात काही अडलं की आठी पडते, हेही डार्विननंच लिहिलंय. रौद्रमध्ये नक्कल आणि डोकेफोड एकाच बाजूनं ओढत होत्या, म्हणून तो फक्कड झाला. (ज्यांनी वाहवा केली त्यांची माफी.) शांतमध्ये दोघींची रस्सीखेच आहे आणि डोकेफोड जिंकतेय. हे कागदावर कसं उतरतं? माझा अंदाज असा की रेघेचा जोर कुठं सोडायचा, हे मी डोळ्यांपेक्षा स्वतःच्या चेहऱ्यावरून जास्त ठरवतो.

चौदाव्या कागदाला कपाळावर मायक्रोपोर पट्टी लावून बसलो. आठी घातली की पट्टी ताणते, लगेच कळतं. कपाळ साफ आलं, पण ताण ओठांत उतरला. आत्या आता शिट्टी मारणार असं वाटत होतं.

पंधराव्याला फोटो उलटा धरला. उलटा चेहरा चेहरा वाटत नाही, नुसते आकार. आठी गायब! कागद सुलटा केला आणि आनंद मावळला. मापं चोख, आठी नाही, आणि आत्याही नाही, पासपोर्टचा फोटो. म्हणजे नक्कल बंद पाडूनही भागत नाही, जीव तिच्यामुळंच येतो.

दातांत पेन धरून बघ (चेहरा हसरा होतो, मग मनही खुलतं म्हणे), असं सुचवणाऱ्यांसाठी: १९८८चा तो प्रसिद्ध प्रयोग २०१६ साली १७ प्रयोगशाळांनी पुन्हा केला, तो जमला नाही. २०२२मध्ये १९ देशांतल्या ३,८७८ जणांवर पाहिलं, तेव्हा मुद्दाम हसऱ्या चेहऱ्याची नक्कल केली की आनंद थोडा वाढतो असं दिसलं; पेनबद्दल मात्र ठाम काही हाती लागलं नाही. तेव्हा पेन राहू दे. पण मुद्दाम नक्कल करायची, तर आत्याच्या चेहऱ्यामागं काय चाललंय ते कळायला हवं. फोन लावला.

"आत्या, वाती वळताना तुझ्या मनात काय असतं गं?"

"काय असायचंय? मोजत असते. लाख वातींचा नेम आहे. मध्येच कुणी बोललं की आकडा चुकतो आणि असा राग येतो म्हणून सांगू!"

पाच आठवडे मी जिला शांत रस समजतोय, ती बाई बेरीज करतेय!

खरं तर हे लिहून झाल्यावर रविवारी नव्यानं बसणार होतो. राहवलं नाही, इथंच लिहिणं थांबवून सोळावा कागद लावला आणि हॅचिंगची (छटेसाठी शेजारी शेजारी ओढायच्या रेघांची) प्रत्येक रेघ पुटपुटत मोजली. दीड तास लागला. डावी भुवई सुटली, अगदी सुटली, ओठही सैल. उजवीकडं आठीचा अंश आहे, तो २१४व्या रेघेला फोन वाजला तेव्हाचा.

उद्या फोन दुसऱ्या खोलीत. कापूस आणून ठेवलाय, आधी शंभर वाती वळायच्या आणि मगच पेन्सिल उचलायची. टाइमलॅप्स यापुढं पुढच्याच कॅमेऱ्यानं. आणि हास्य रसही पुन्हा काढावा म्हणतो. त्या वेळी मला दातदुखी होती.