जमीन तुमची होती, तर कागद कसा नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. जेवणाच्या सुट्टीत विचारता, लग्नकार्यात विचारता, आणि मार्च २०१८ मध्ये वनजमिनीचे हक्क मागत नाशिकहून मुंबईला चालत निघालेली माणसं टीव्हीवर दिसली तेव्हा तर रोज विचारत होतात : "तीन पिढ्या जमीन कसताय म्हणता, मग साधा एक कागद कसा नाही?" हेतू वाईट नसतो, कळतं मला. पण निकाल प्रश्नातच देऊन टाकलेला असतो, तेही कळतं.

पूर्वी मी सोपं उत्तर द्यायचे. आमची माणसं शिकलेली नव्हती, कागदाची किंमत त्यांना कळली नाही, वगैरे. ऐकणाऱ्याला बरं वाटायचं, विषय मिटायचा. ते उत्तर देणारी मी आज समोर आले तर तिला गप्प बस म्हणेन. आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत रेशनकार्ड आहे, मतदानाची कार्डं आहेत, माझा आश्रमशाळेचा पहिलीचा निकालसुद्धा आहे. जो कागद हातात पडला तो आजीने जपला. जमिनीचा पडलाच नाही, कारण तो देणाऱ्यांच्या दफ्तरी ती जमीन वनखात्याची आणि आम्ही अतिक्रमणदार होतो. आणि अतिक्रमणदाराला मिळण्याजोगा कागद एकच, दंडाची पावती.

खरी गोष्ट इथून सुरू होते, आणि ती मी सहसा सांगत नाही. घरातली आहे.

आजोबांनी डोंगरउतारावर तुकडा मोकळा करून नाचणी-वरई लावली. पुढे तो दोन मुलांत वाटला, मधे दगडाचा बांध घातला. वरच्या अंगाला काका, खालच्या अंगाला माझे बाबा. काका तापट. वनखात्याचा गार्ड आला की हे बांधावर उभे. त्यांच्यावर केस झाली, कोर्टाच्या तारखा झाल्या, दंड झाले, वकिलापायी बैलजोडी गेली. बाबा गरीब स्वभावाचे. पीक निघालं की एक कोंबडी आणि पायलीभर वरई पोचवायची, शिवाय रोपवनाच्या खड्ड्यांवर दोन-चार दिवस फुकट राबायचं. गार्ड खूश, बाबा निवांत. पावती फाडायचं कारणच नाही.

मग २००६ चा वनहक्क कायदा आला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसताय हे दाखवा, चार हेक्टरपर्यंत हक्क मान्य होईल. काल ज्या पावतीनं काका गुन्हेगार ठरले, तीच आज त्यांचा पुरावा झाली. त्यांच्याकडे चळत होती. बाबांकडे काय? कोंबडीची पावती कोण देतं?

कायदा इतका आंधळा नाही, हेही सांगते. नियम १३ मध्ये पुराव्यांची मोठी यादी आहे : गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो, जमिनीवरचं घर, बांध, विहीर चालते. दोन पुरावे पुरतात. २०१२ च्या दुरुस्तीत तर स्पष्ट म्हटलंय की दंडाची पावती नाही एवढ्याच कारणावरून दावा फेटाळायचा नाही. आमच्या वनहक्क समितीनं जागेवर येऊन पाहणी केली होती, ग्रामसभेनं दोन्ही भावांचे दावे एकाच दिवशी मंजूर केले होते. एवढं सगळं मी प्रिंट काढून, खुणा करून सुनावणीला नेलं होतं. ग्रामसभेनंतर दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीपुढे आमचा नंबर दुपारी उशिरा आला.

काकांची फाईल मिनिटभरात झाली. बाबांची उघडली. "पावती?" बाबा म्हणाले, "साहेब, मी कधी भांडलोच नाही." ते हे अभिमानानं म्हणाले. शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांचा जबाब होता, तो अर्धवट वाचून बाजूला सारला. मी बांधाचा फोटो पुढे केला. साहेब म्हणाले, बांध कालही घालता येतो. मी दुरुस्तीचा कागद पुढे केला, नियम वाचायला लागले. त्यांनी वाचू दिलं. नंतर विचारलं, "मॅडम, नोकरी कुठे?" मी सांगितलं, बँकेत, कर्ज विभागात. "मग तुम्ही सातबारा नसताना कर्ज देता का?"

खोलीतले दोघं-तिघं हसले. बाबाही हसले, कारण सगळे हसत होते. मला उत्तर सुचलं नाही.

आता सुचतात, ढिगानं. की कर्ज मागणाऱ्याचा सातबारा बँक लिहीत नाही. इथे ज्यांनी कागद लिहायचा त्यांनीच लिहिला नाही आणि आता तोच मागतायत. की मी ज्या नियमानं सातबारा मागते तो मला पाळावा लागतो, तुम्हालाही तुमचा नियम पाळावा लागतो. पण ही उत्तरं रात्री भांडी घासताना सुचून काय उपयोग?

काकांना जवळजवळ पूर्ण जमीन मिळाली. बाबांना झोपडीभोवतीचे काही गुंठे. साठ दिवसांच्या आत जिल्हा समितीकडे अपील टाकलंय. तुमचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे, "पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, मिळाल्यावर तरी झालं ना?" नाही झालं. ती जमीन वारसाला जाते, विकता येत नाही, आणि सातबारावर आमचं नाव चढलंच तर मालकाच्या नाही, 'इतर हक्कां'च्या रकान्यात. पीककर्जाला आमच्यासारख्या बँकेत गेलात तर टेबलापलीकडे माझ्यासारखीच कुणी बसलेली असेल.

गार्डला मी शिव्या घालते, तर बाबा चिडतात. म्हणतात, त्यानं पेरू दिलं, त्या वरईवर तू शिकलीस. मी म्हणते, त्यानं लुटलं. काकांचं तिसरंच. मागच्या शिमग्याला ते म्हणाले, "तुझा बाप शहाणा. मी तारखा केल्या, त्यानं पोरगी शिकवली. माझी पोरं बघ, जमीन मिळूनही दिवाळी झाली की भिवंडीकडे वीटभट्टीला." मी म्हटलं, मग जमिनी बदलून घेता का? त्यावर दोघंही भाऊ माझ्यावरच ओरडले.